दाढेतली माती

आमदार विशाखा मुनेश्वर हिने सगळ्यांच्या आधी आपली दाढ तपासून घेतली होती. कॅमेऱ्यांसमोर, आपल्याच मतदारसंघातल्या तालुक्याच्या दवाखान्यात. लोकांची भीती मोडावी हा हेतू. तंत्रज्ञ मुलीने तोंडात एक पातळ नळी घातली, लेसरचा किरण दाढेच्या मागच्या अंगाला क्षणभर टेकला, घशात करपल्यासारखी चव आली आणि पडद्यावर हिरवी पट्टी उमटली. ‘स्थानिक : दख्खन.’ बाहेर कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या. विशाखाने हसून गाल चोळला आणि सांगितलं, “मुंगी चावल्याइतकंही दुखत नाही.”

मूळ निवास कायद्याच्या बाजूने तिने मत दिलं होतं, आणि ते काही पक्षाचा आदेश होता म्हणूनच नव्हे. पूर्वेच्या किनाऱ्यावर समुद्र आत शिरल्यापासून माणसांचे लोंढे मध्य भारताकडे येत होते. नागपूरच्या चारही बाजूंना तंबूंची शहरं उभी राहिली होती. सरकारी घरं कमी, मागणारे अफाट. आणि कागदांवर तर कुणाचाच विश्वास उरला नव्हता. जन्मदाखला, रहिवासी दाखला, मतदार ओळखपत्र, काहीही पाच मिनिटांत हुबेहूब तयार करून देणाऱ्या यंत्रणा कुणाच्याही मोबाइलमध्ये होत्या. तेव्हा कुणीतरी दाढेची चाचणी सुचवली. कागद खोटा करता येतो, दाढ करता येत नाही. घरकुल, रेशन आणि मोफत उपचार फक्त स्थानिकांना. विशाखाला वाटलं होतं, यातून आपल्या माणसांना आता तरी पक्की घरं मिळतील.

तिची माणसं म्हणजे धरणग्रस्त. विशाखा दहा वर्षांची असताना तिचं गाव पाण्याखाली गेलं. माळावर पत्र्यांची पुनर्वसन वसाहत झाली. जमिनीच्या बदल्यात जमीन मिळायची होती, ती कधी मिळालीच नाही. त्याच वसाहतीत पुढच्या वर्षी तिचा भाऊ हेमंत जन्मला. ती शिकली, वकील झाली, राजकारणात गेली. लग्न तिने केलं नाही. हेमंतने वसाहतीतच ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान टाकलं. नव्या योजनेत त्याला दोन खोल्यांचं घर मिळालं होतं, आणि त्याची बायको करुणा हिने दारात कढीपत्ता लावला होता.

चाचणी वसाहतीत आली तेव्हा हेमंतच्या दाढेवर लाल पट्टी उमटली. ‘बाह्य : उत्तरेचे मैदान.’

आधी सगळे हसले. हेमंत यवतमाळच्या पलीकडे कामाशिवाय कधी गेला नव्हता. मग त्याच्या मित्राची पट्टी लाल आली, मग शेजारणीची. संध्याकाळपर्यंत वसाहतीत जन्मलेला प्रत्येक माणूस बाहेरचा ठरला होता. म्हातारे तेवढे हिरवे. हसणं केव्हाच थांबलं होतं.

विशाखाने नागपूर गाठलं. डॉ. नीलिमा वझलवार या भूरसायनशास्त्राच्या प्राध्यापक. दाढेची पद्धत त्यांनीच बसवली होती, पण वेगळ्या कामासाठी. पुरात, अपघातात सापडलेले बेवारस मृतदेह कुठले हे कळावं, त्यांच्या घरच्यांना निरोप जावा, यासाठी.

“स्ट्रॉन्शियम नावाचा एक धातू आहे,” त्या सांगू लागल्या. “कॅल्शियमसारखाच, इतका की शरीर फसतं. दात घडताना कॅल्शियमच्या जागी थोडं स्ट्रॉन्शियमही बसवून टाकतं. हे येतं खडकातून. खडकातून मातीत, मातीतून धान्यात, धान्यातून आपल्यात. त्याचे हलके-जड असे प्रकार असतात, आणि कुठल्या खडकात त्यांचं प्रमाण किती, हे खडकाच्या वयावर आणि जातीवर ठरतं. आपला काळा दगड म्हणजे लाव्हा. भूगर्भाच्या हिशोबात कालपरवाचा. उत्तरेचं मैदान हिमालयातून वाहून आलेल्या गाळाचं, तो खडक फार जुना. दोन्हींचे आकडे इतके वेगळे आहेत की गल्लत होऊ शकत नाही.”

“आणि दाढच का?”

“पहिल्या दाढेचं कवच बाळ जन्मल्यापासून तिसऱ्या वर्षापर्यंत घडतं. ती हिरडीतून वर येते सहाव्या वर्षी, पण आत तयार असते. एकदा घडलं की त्यात काही बदलत नाही. तुम्ही नंतर जगभर फिरलात तरी.”

“मग माझा भाऊ?”

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “लहानपणी तो काय खायचा?”

विशाखाला उत्तर द्यायला वेळ लागला नाही, पण ते तोंडातून बाहेर पडता पडता तिचा आवाज बारीक होत गेला. शेत बुडालेलं. घरची ज्वारी गेली, तूर गेली, परसातली भाजी गेली. उरलं ते रेशन. पंजाबचा गहू, छत्तीसगडचा तांदूळ. आई गव्हाची पेज करून हेमंतला भरवायची.

“पाण्यातून इथलं थोडं येतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “पण धान्यापुढे ते फारच कमी. दाताला गाव कळत नाही हो. त्याला फक्त ताट कळतं. मी हे कायद्याच्या समितीला सांगितलं होतं. मृतदेहासाठी चालतं, कारण तिथे दुसरं काहीच हाताशी नसतं. जिवंत माणसाला तुम्ही विचारू शकता की.”

एकाच आईची दोन लेकरं. एक धरणाआधीचं, एक नंतरचं. आणि ज्यांच्याकडे शेत शिल्लक राहिलं, घरची ज्वारी शिल्लक राहिली, ते सगळे स्थानिक. सरकारने ज्यांना शेत घेऊन धान्य दिलं, ते त्या धान्यामुळेच परके. विशाखाने ते मनात दोनतीनदा फिरवून पाहिलं, कुठे चूक सापडते का म्हणून. सापडली नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या मनात उलट एक उभारी होती. इतकी स्वच्छ गोष्ट, सभागृहात मांडली की कुणाला नाकारता येणार नाही, असं तिला वाटलं.

हिवाळी अधिवेशनात तिचा तारांकित प्रश्न लागला.

त्याच्या आदल्या दिवशी सकाळी समाजकल्याण आणि घरबांधणी मंत्री माधवराव गुल्हाने यांनी तिला बंगल्यावर चहाला बोलावलं. विशाखाला राजकारणात आणलं ते त्यांनीच. पहिल्या निवडणुकीत तिच्यासाठी गावोगाव सभा घेतल्या होत्या त्यांनी, घसा बसेपर्यंत. लॉनवर ऊन आलं होतं. त्यांनी पोह्यांची बशी तिच्यापुढे सरकवली.

“प्रश्न वाचला तुझा. बरोबर आहे.”

“बरोबर आहे म्हणजे साहेब, तुम्ही मान्य करणार?”

“मी बरोबर आहे म्हणालो. मान्य करीन असं नाही म्हणालो.” गुल्हाने हसले नाहीत. “विशाखा, हा कायदा लोकप्रिय आहे. तुझ्या मतदारसंघातसुद्धा. तंबूंत पाच लाख माणूस बसलाय आणि त्यातल्या प्रत्येकाला तुझा युक्तिवाद लागू पडतो. तोही म्हणेल, मी इथलाच, फक्त गहू पंजाबचा खाल्ला. काय सांगशील?”

विशाखाने बशी तशीच बाजूला ठेवली.

“हेमंतचं नाव मी पाहिलं यादीत. मंत्र्याच्या अधिकारात काही सवलती देता येतात मला. विशेष बाब म्हणून. त्याचं घर राहील. पोरांचं रेशन राहील. तू उद्या सभागृहात उशिरा ये, एवढंच. सदस्य जागेवर नसला की प्रश्न आपोआप गळतो.”

“आणि बाकी वसाहत?”

“समिती नेमू. तुला घेऊ तीत.” मग जुन्या मायेने म्हणाले, “मी तुला फसवत नाहीये, पोरी. जे हातात आहे ते देतोय. दुसरं काही नाही माझ्या हातात.”

दुपारी हेमंत आमदार निवासात आला. सोबत करुणा, त्यांची सहा वर्षांची तन्वी आणि आईच्या खांद्यावर झोपलेला ओजस. त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. वसाहतीतल्या लाल पट्टीवाल्यांना आठवड्याभरात घरं सोडायची नोटीस आली होती. गुल्हान्यांच्या माणसाने हेमंतलाही फोन केला होता, हे विशाखाला तेव्हा कळलं.

“ताई, मागं घे ना तो प्रश्न,” हेमंत बसायच्या आधीच म्हणाला.

“बाकीच्यांचं काय?”

“बाकीच्याईचं तू प्रश्न इचारून होनार हाये का? खरं सांग.”

“होऊ शकते. मायाजवळ शास्त्र हाये, हेमंत. कोनी खोडू शकत नाई असं.”

“शास्त्रानंच तं काढलं मले बाहेर.”

करुणा खाली बघत ओजसच्या पाठीवर थोपटत होती. तन्वी खिडकीशी उभी राहून रस्त्यावरचे मोर्चे बघत होती. एका मोर्चाच्या फलकावर लिहिलं होतं, ‘स्थानिकांचं घर स्थानिकांनाच’.

“एकट्या तुयं घर वाचवलं तं लोक काय म्हनतील?” विशाखा म्हणाली. “बाजूचं घर रिकामं होत असन आन् तू दारात उभा राहून पाहशीन?”

“हो, पाहीन,” हेमंत म्हणाला. “लाज वाटन. पन लेकरं छपराखाली राहतीन. लाजेनं कोनी मरत नाई, ताई.”

“मले एक दिवस दे.”

“तुले मायनं ज्वारी चारली, मले रेशनचा गहू. तू हिरवी झाली, मी लाल झालो. तुले एक दिवस काय, दहा दिवस देता येतात. माहा काय हाये?” त्याने ओजसला करुणाच्या कडेवरून आपल्याकडे घेतलं. चहा न घेताच ते गेले.

विशाखाने दुसऱ्या दिवशी सकाळी दोनदा ठरवलं की उशिरा जायचं. साडी नेसून ती पलंगाच्या कडेला बसून राहिली. मग उठली आणि वेळेवर गेली. का गेली, हे तिने पुढे स्वतःला अनेकदा विचारलं. वसाहतीसाठी, हे खरं होतं. पण आपण बरोबर आहोत हे चारचौघांत सिद्ध करायची ओढही होती, आणि ती वसाहतीपेक्षा लहान नव्हती.

अध्यक्षांनी तिचं नाव पुकारलं. प्रश्नाची छापील उत्तरं सदस्यांच्या हातात आधीच होती. रेशनच्या धान्यामुळे चाचणीचा निष्कर्ष चुकतो, हे खरे आहे काय? ‘हे अंशतः खरे आहे.’ असल्यास, बाधित कुटुंबांची घरे काढून न घेण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली? ‘प्रश्न उद्भवत नाही.’

“अध्यक्ष महोदय,” विशाखा उपप्रश्नासाठी उभी राहिली, “अंशतः म्हणजे किती? दाढ बनते अन्नातून. अन्न सरकारने दिलं. आमची शेतं धरणासाठी घेतली आणि पंजाबचा गहू आमच्या ताटात वाढला. त्याच गव्हाने बनलेली दाढ आज सरकार बघतं आणि म्हणतं, तुम्ही पंजाबचे. मी धरणाआधी जन्मले, मी स्थानिक. माझा सख्खा भाऊ धरणानंतर जन्मला, तो परका. आमची आई एक आहे. मंत्रिमहोदयांनी मला एवढंच सांगावं, माझ्या आईने कुठल्या राज्यातून स्थलांतर केलं?”

मागच्या बाकांवर मोबाइलमध्ये मान घातलेले दोघेतिघे वर बघू लागले. विरोधी बाकांवरून कुणी बाक वाजवला. गुल्हान्यांनी मान खाली घातली होती. त्या तेवढ्या क्षणात विशाखाला वाटलं, झालं.

उत्तराला गुल्हाने उठलेच नाहीत. उठले स्थलांतर मंत्री रणधीर पाटणकर. शांत, नेटके, आवाज कधी न चढवणारे.

“अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांच्या भावाचं प्रकरण आहे हे त्यांनी स्वतःच सभागृहाला सांगितलं, त्याबद्दल आभार. नातेवाइकासाठी तारांकित प्रश्न विचारावा का, तो निर्णय अध्यक्ष महोदयांचा.” गलका झाला. तो ओसरू देऊन पाटणकर पुढे म्हणाले, “शास्त्राबद्दल मी सदस्यांशी पूर्ण सहमत आहे. पंजाबचा गहू खाऊन इथे वाढलेला आणि पंजाबात वाढून इथे आलेला, या दोघांत यंत्र फरक करू शकत नाही. मग दोनच मार्ग उरतात. दोघांनाही घर द्यायचं, किंवा दोघांनाही नाही. सदस्यांनी सांगावं. तंबूंतल्या पाच लाख लोकांना त्या आपल्या मतदारसंघात घरं देणार आहेत का? होय म्हणाव्यात. मी आत्ता, या क्षणी नोंद करून घेतो.”

विशाखा उभीच होती. ‘होय’ एवढा एकच शब्द होता. तो म्हटला तर पुढची निवडणूक गेली, हे तिला कळत होतं, पण ते सोसता आलं असतं. तिला दिसत होते वसाहतीतले ते म्हातारे, हिरव्या पट्टीवाले, जे तिच्याच सभेत तंबूवाल्यांना शिव्या द्यायचे. हेमंतही द्यायचा. आणि तंबूतली कुणी बाई आपल्यासमोर उभी राहिली असती तर ती इथली की तिथली, हे आपणही विचारलंच असतं, हे तिला पहिल्यांदा जाणवलं. आपण आपली माणसं त्या गर्दीतून वेचून काढायला आलो होतो. गर्दीसाठी आलोच नव्हतो.

तिचा माइक चालू होता. श्वासाचा आवाज तेवढा सभागृहाला ऐकू गेला.

“पुढचा प्रश्न,” अध्यक्ष म्हणाले.

संध्याकाळपर्यंत तिचं भाषण सगळीकडे पोहोचलं होतं. आईबद्दलचं वाक्य लोकांनी डोळे पुसत एकमेकांना पाठवलं. पाटणकरांचं उत्तरही तितक्याच लोकांनी पाठवलं. विशेष सवलतीचा विषय कुणी पुन्हा काढला नाही. गुल्हान्यांनी शब्द पाळून समिती मात्र नेमली, विशाखाला तीत घेतलं. डॉ. वझलवारांना घेतलं नाही. पहिली बैठक उन्हाळ्यानंतर होणार होती.

हेमंतच्या दाराला आठवड्याने कुलूप लागलं. वसाहतीतले सगळे ‘प्रतीक्षा केंद्रा’त गेले. म्हणजे शहराबाहेरची बंद पडलेली सूतगिरणी, तिच्या लांबच लांब दालनांत कापडी पडदे लावून पाडलेल्या खोल्या. मूळ राज्य स्वीकारेपर्यंत तिथे थांबायचं. पंजाबने कळवलं की ही माणसं आमची नाहीत. ते बरोबरच होतं. त्यामुळे थांबणं कधी संपेल याला कुणाकडे उत्तर नव्हतं.

विशाखाने फोन केले, हेमंतने उचलले नाहीत. मार्चमध्ये ती स्वतः गेली. समिती सदस्याचा तपासणी दौरा म्हणून सोबत अधिकारी होते, त्यांना तिने फाटकाशीच थांबवलं.

हेमंत दालनाच्या टोकाला पाणी भरायच्या रांगेत उभा होता. त्याने तिला पाहिलं. “आली का,” म्हणाला. रागाने नाही, नुसतंच. आणि पुन्हा रांगेत पुढे सरकला. तिला वाटलं होतं तो भांडेल. त्याची तयारी करून आली होती ती.

पडद्याआड करुणा बसली होती. समोर दगडी खल. ती काहीतरी कुटत होती, मग ते ओढणीच्या तुकड्यातून गाळत होती, पुन्हा कुटत होती. गाळून खाली पडत होती ती काजळासारखी बारीक, काळसर भुकटी. शेजारी ओजसची पेज गार होत होती. तन्वी भावाला मांडीवर घेऊन बसली होती.

“हे काय व करुणा?”

“दगड हाये ताई. आपला काळा दगड. खदानीतून आनते इथल्या बाया.”

विशाखाला कळलं, तरी तिने विचारलं. “काय करतेस त्याचं?”

करुणाने चिमूटभर भुकटी पेजेत टाकली, बोटाने ढवळली. तिच्या चेहऱ्यावर कामात असलेल्या बाईची साधी एकाग्रता होती. “तुमीच तं सांगतलं ना विधानसभेत. दाढ खाल्लेल्या गोष्टीतून बनते. रेशन तं इथंबी तेच भेटते. मग इथलं दुसरं काय खाऊ घालू? सगळ्याच बाया देतात आता. मोबाइलवर किती जनी सांगून रायल्या कसं द्याचं ते.”

“करुणा, अगं पोटात दगड...”

“त्या पडद्यामागच्या लेकराले भरती केलं काल. रक्त पडत होतं पोटातून.” करुणाने ओढणीचा तुकडा झटकला. “त्याईनं नीट गाळलं नसन. मी चार वेळा गाळते.”

विशाखा खाली बसली. असं काही होत नाही, दगडातलं सगळं शरीर घेतच नाही, थांब, असं तिला म्हणायचं होतं. पण मागे डॉ. वझलवारांना तिने सहज विचारलं होतं, एखाद्याने मुद्दाम इथली माती खाल्ली तर? त्या म्हणाल्या होत्या, थोडंफार शरीरात शिरेल, आकडा थोडाफार सरकेल. किती, ते कुणी मोजलेलं नाही. कोण असं करील?

“बंद कर,” ती म्हणाली. “मी ज्वारी पाठवते. आपल्याकडची. पोतंभर पाठवते.”

“बाहेरचं धान्य फाटकातून आत येऊ देत नाईत, ताई. मागच्या महिन्यात माया भावानं आनलं होतं, वापस केलं. रोग येते म्हनतात.” करुणाने ओजसला मांडीवर घेतलं. “दगड मातर कोनी अडवत नाई.”

ओजसने तोंड उघडलं. पहिल्या चमच्याला त्याने तोंड वाकडं केलं, करुणाने बोटाने ओठ पुसून दुसरा भरवला. मग तिने वाटीतली उरलेली पेज दोन भागांत केली आणि एक भाग तन्वीपुढे सरकवला.

“तिला नको देऊस,” विशाखा म्हणाली.

“काहून?”

विशाखाने तन्वीकडे पाहिलं. तन्वी वाटी हातात घेऊन थांबली होती, आत्या काय म्हणते ते ऐकायला. तिच्या पुढच्या दोन दातांच्या जागी फट होती आणि मागे, गालाच्या आत, दाढा नुकत्याच वर आलेल्या असणार होत्या.

“तिची दाढ झाली बनून,” विशाखा म्हणाली. “तिला आता उपयोग नाई. त्यालाच दे.”

करुणाने मान डोलावली, तन्वीच्या हातातली वाटी काढून घेतली आणि ओजसला उरलेलं भरवू लागली.